हवासाची शिलाई आणि डॉलरचे कर्ज : इथिओपियाच्या निर्यातप्रधान धोरणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथून सुमारे २७५ किलोमीटर दक्षिणेला, एका तळ्याच्या काठी, हवासा हे शहर वसले आहे. जुलै २०१६ मध्ये तेथे सरकारने बांधलेल्या औद्योगिक वसाहतीचे उद्घाटन झाले. एका चिनी सरकारी बांधकाम कंपनीने सुमारे २५ कोटी डॉलर खर्चाची ही वसाहत अवघ्या नऊ-दहा महिन्यांत उभी केली होती. वीज, पाणी, बँक, सीमाशुल्काची कचेरी हे सारे आवारातच होते, आणि उद्योजकाने फक्त शिलाईयंत्रे आणून तयार शेडमध्ये मांडायची अशी सोय होती. तळ्याला झळ पोहोचू नये म्हणून सांडपाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरण्याची यंत्रणा एका भारतीय कंपनीने बसवली. दोन पाळ्यांत मिळून ६० हजार जणांना येथे काम मिळेल, असा अंदाज बांधला गेला होता.

या नोंदीत कंपन्या, अधिकारी आणि कामगार यांची नावे मुद्दाम गाळली आहेत. देशाचे आणि शहराचे नाव मात्र लपवण्याजोगे नाही, कारण धोरण त्याच जमिनीवर घडले आणि तेथेच अडखळले. वसाहतीत सर्वप्रथम आली ती एक बडी अमेरिकी तयार कपड्यांची कंपनी. तिच्या भरवशावर आशियातील अनेक पुरवठादार आले. सूटच्या कापडामुळे मराठी घरांत ज्याचे नाव पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, त्या ठाण्याशी जोडलेल्या उद्योगसमूहानेही येथे शिलाईचा कारखाना थाटला.

यामागचा विचार पूर्व आशियाकडून घेतलेला होता. शेतीतील माणसे कारखान्यात आणायची, कारखान्याचा माल परदेशी विकायचा, आलेल्या डॉलरांतून यंत्रे घ्यायची आणि त्या यंत्रांवर पुढची, अधिक मोलाची वस्तू बनवायची, हा कोरिया, तैवान, चीन, व्हिएतनाम या क्रमाने चाललेला रस्ता होता. पंतप्रधान मेलेस झेनावी यांनी तो आपला मानला आणि २०१२ मध्ये त्यांच्या निधनानंतरही धोरण तेच राहिले. सरकारी आकड्यांनुसार २००४ पासून पुढची बारा-तेरा वर्षे अर्थव्यवस्था दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपास वाढत होती. ती वाढ मुख्यतः धरणे, रस्ते, रेल्वे आणि घरबांधणी यांवरील सरकारी खर्चातून येत होती, निर्यातीतून नव्हे. ही बाब तेव्हाही आकडेवारीत उघड दिसत होती, पण दहा टक्क्यांच्या दिमाखापुढे तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

हा सगळा पसारा उधारीवर उभा होता. डिसेंबर २०१४ मध्ये इथिओपियाने आंतरराष्ट्रीय बाजारात १ अब्ज डॉलरचे कर्जरोखे विकले. व्याज ६.६२५ टक्के, मुदत दहा वर्षे. पैसा वीजवाहिन्या, साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहती यांसाठी असल्याचे सांगितले गेले. (यांतले साखर कारखाने पुढे वर्षानुवर्षे रखडले. सरकारी पैशावर उभ्या राहणाऱ्या साखर कारखान्यांविषयी मराठी वाचकाला अधिक काही सांगण्याची गरज नसावी.) जिबूती बंदरापर्यंतची सुमारे ७५० किलोमीटरची विजेवर चालणारी रेल्वे मुख्यतः चिनी कर्जातून झाली.

अडचण कोठे होती

हवासात शिवलेल्या एका शर्टाचा प्रवास पाहिला की अडचण कळते. कापड चीनमधून किंवा भारतातून जहाजाने जिबूतीला उतरे, कारण देशाला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. तेथून रेल्वेने किंवा ट्रकने मोजो येथील कोरड्या बंदरात, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या मालतळावर, आणि मोजोहून पुन्हा रस्त्याने हवासाला. धागा, बटणे, चेन, लेबल, बऱ्याचदा खोकीसुद्धा बाहेरूनच येत. हवासात कापड बेतले जाई, शिवले जाई, इस्त्री होई, घडी पडे, आणि तोच माल त्याच वाटेने परत बंदराकडे निघे. तयार शर्टाच्या किमतीत निम्म्याहून अधिक भाग कापडाचा असतो. म्हणजे निर्यातीच्या आकड्यात दिसणाऱ्या प्रत्येक डॉलरमधला मोठा हिस्सा आलेल्या पावली परदेशी जात होता, आणि देशात उरत होती ती शिलाईची मजुरी, शेडचे भाडे आणि विजेचे बिल.

इथिओपियात कापूस पिकत नाही असे नाही. पिकतो, पण कापसापासून निर्यातयोग्य कापडापर्यंत जाणाऱ्या सूतगिरण्या, विणकाम आणि रंगकाम यांची साखळी तुटकी होती. विदर्भाच्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल.

तरीही कारखाने येत होते, त्याचे कारण अमेरिकेचा २००० सालचा एक कायदा. या कायद्याने आफ्रिकेतील पात्र देशांचा माल अमेरिकेत शुल्काविना जाई. एरवी सुती टी-शर्टवर १६.५ टक्के आणि कृत्रिम धाग्याच्या काही कपड्यांवर ३२ टक्क्यांपर्यंत आयात शुल्क पडते. कायद्यातील आणखी एक सवलत फारशी चर्चेत येत नाही, पण या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे : गरीब आफ्रिकी देशांना कापड जगात कोठूनही आणण्याची मुभा होती. आशियात विणलेले कापड हवासात शिवले, तरी ते शुल्कमुक्तच. सवलत दयाळूपणाची होती, पण तिने स्वतःचे कापड विणण्याची निकड काढून घेतली.

दुसरी अडचण मजुरीची. वसाहतीतील मूळ पगार महिना २६ डॉलरच्या आसपास होता. त्याच सुमारास बांगलादेशातील किमान वेतन साधारण ९५ डॉलर होते. खाजगी क्षेत्रासाठी किमान वेतन ठरवायचे नाही, कारण स्वस्त मजुरी हेच आपले भांडवल, असा सरकारी हिशेब होता. कामाला येणाऱ्या बहुतेक मुली आसपासच्या सिदामा खेड्यांतून प्रथमच शहरात येत. भरतीच्या वेळी त्यांच्या बोटांची चपळाई तपासली जाई, प्रतवारी लावली जाई आणि मग त्यांना शिलाईच्या रांगेत बसवले जाई. संध्याकाळी एका भाड्याच्या खोलीत तिघी-चौघी राहत, आणि भाडे, जेवण व घरी पाठवायचे पैसे यांत पगार पुरत नसे. काही महिन्यांत मुली गावी परतत. न्यूयॉर्कमधील एका विद्यापीठाच्या २०१९ मधील अहवालाने नोंदवले की सुरुवातीच्या काळात कारखान्यांना वर्षभरात सरासरी जवळजवळ सगळे मनुष्यबळ नव्याने भरावे लागत होते. त्याआधी ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टेफान डेरकॉन या अर्थशास्त्रज्ञांनी इथिओपियातील पाच कंपन्यांत सुमारे एक हजार अर्जदारांवर केलेल्या प्रयोगातही असेच दिसले होते. चिठ्ठी टाकून ज्यांना कारखान्याची नोकरी मिळाली, त्यांतील बहुतेकांनी ती वर्षभरात सोडली आणि त्यांची कमाई इतरांपेक्षा वाढली नाही. स्वस्त मजूर शिकेपर्यंत निघून जात असेल, तर तो स्वस्त राहत नाही. हे गणित कारखान्यांच्या लक्षात आले, पण धोरणात उतरले नाही.

तिसरी अडचण चलनाची. देशाचे चलन, बिर, सरकारने कृत्रिमरीत्या महाग ठेवले होते. त्यामुळे धरणे-रेल्वेसाठीची यंत्रे आणि सरकारी आयात स्वस्त पडे, पण निर्यातदाराला प्रत्येक डॉलरमागे कमी बिर मिळत. ऑक्टोबर २०१७ मध्ये बिरचे १५ टक्के अवमूल्यन झाले, ते अपुरे होते. निर्यात वाढवण्याचे धोरण आणि निर्यातदाराला दंड करणारा विनिमय दर हे एकाच सरकारच्या दोन कचेऱ्यांतून एकाच वेळी चालले होते.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१३-१४ मध्ये वस्तूंची निर्यात ३ अब्ज डॉलरच्या थोडी वर होती. २०१८-१९ मध्ये, वसाहती, रेल्वे आणि कर्जे यांनंतर, ती ३ अब्जांच्या खाली होती. तयार कपडे आणि कापड यांची निर्यात सुमारे १५ कोटी डॉलर होती, म्हणजे कॉफीच्या तुलनेत किरकोळ. कर्जाचे हप्ते मात्र डॉलरमध्येच फेडायचे होते. सप्टेंबर २०१८ मध्ये रेल्वेच्या चिनी कर्जाची मुदत वीस वर्षांनी वाढवून घ्यावी लागली.

या सगळ्याला जगाच्या मंदावलेल्या गतीची पार्श्वभूमी होती. पूर्व आशियातील देश वर चढत होते तेव्हा जागतिक व्यापार जागतिक उत्पादनाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वाढत होता. २००८ च्या आर्थिक संकटानंतर तो वेग राहिला नाही. जागतिक बँकेने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले की २०२० ते २०२४ हा काळ गेल्या तीस वर्षांतील सर्वांत मंद वाढीची पाच वर्षे ठरेल. अशा जगात नव्याने दुकान मांडणाऱ्याला आधीच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक ओढावे लागते, आणि हवासाकडे त्यासाठी शुल्कमाफी सोडून दुसरे हत्यार नव्हते.

दार बंद होते

२०२० मध्ये करोनामुळे मागण्या रद्द झाल्या. काही कारखान्यांनी मुखपट्ट्या शिवून दिवस काढले. तरीही वसाहतीतील कामगारांची संख्या ३० हजारांच्या पुढे गेली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रे प्रांतात युद्ध पेटले. वर्षभराने, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे कारण देऊन अमेरिकेने इथिओपियाची शुल्कमाफी काढून घेत असल्याचे जाहीर केले आणि १ जानेवारी २०२२ पासून निर्णय अमलात आला. त्याच नोव्हेंबरात, निर्णय लागू होण्याचीही वाट न पाहता, वसाहतीची आधारशिला असलेल्या अमेरिकी कंपनीने आपला कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. पुढच्या काळात आणखी कंपन्या निघाल्या आणि हजारो मुलींचे काम गेले. युद्ध आपण सुरू केले नाही आणि आपण थांबवूही शकत नाही, हे त्या मुलींच्या बाबतीत अक्षरशः खरे होते.

समोर आलेले पर्याय

सरकारपुढे चार वाटा होत्या, आणि त्यांवर प्रत्यक्षात बराच काळ एकाच वेळी विचार चालू राहिला.

पहिली वाट थांबण्याची. शांतता करार करून, अमेरिकेची मनधरणी करून शुल्कमाफी परत मिळवायची. ही सर्वांत सोपी, कारण कारखान्यांत काही बदलावे लागत नव्हते. धोका असा की चावी दुसऱ्याच्या हाती राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरिया येथे शांतता करार झाला, पण शुल्कमाफी लगेच परत आली नाही.

दुसरी वाट बाजार बदलण्याची होती. युरोपात गरीब देशांच्या मालाला शस्त्रास्त्रे वगळता जवळजवळ सर्व वस्तूंवर शुल्कमाफी आहे, आणि तेथेही बाहेरचे कापड चालते. पण युरोपातील खरेदीदारांची मापे, कापडाची पसंती आणि मागणीचा आकार वेगळा असतो. अमेरिकी मागणीसाठी बसवलेली रांग एका रात्रीत युरोपासाठी वळवता येत नाही. आफ्रिका खंडाच्या मुक्त व्यापार कराराचीही चर्चा होती, परंतु शेजारच्या देशांची बाजारपेठ जुन्या कपड्यांच्या आयातीने व्यापलेली होती.

तिसरी वाट अशी की निर्यातीचा हट्ट थोडा सोडून, देशात जे आयात होते त्याकडे वळायचे. १२ कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात गहू, इंधन, कापड यांवर डॉलर जातो, तो वाचवला तर तोही कमावल्यासारखाच. या वाटेला जुन्या आयात-पर्यायी धोरणाचा वास येतो म्हणून आंतरराष्ट्रीय संस्था नाखूश असतात, आणि त्यांची शंका पूर्णपणे निराधारही नाही.

चौथी वाट बिरचा दर बाजारावर सोडण्याची. हा सर्वांत जुना आणि सर्वांत टाळलेला पर्याय होता. दर सोडला तर महागाईचा भडका उडेल आणि शहरे पेटतील, ही भीती प्रत्येक सरकारला होती. २०२२-२३ मध्ये महागाई तशीही ३० टक्क्यांच्या वर होती.

प्रत्यक्ष काय केले

आधी तिसरी वाट धरली गेली. सखल, पाटपाण्याच्या भागांत उन्हाळी गव्हाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला आणि २०२३ मध्ये सरकारने गहू निर्यातीचीही घोषणा केली. त्याच वेळी देशाच्या काही भागांत अन्नमदत वाटली जात होती, आणि या विरोधाभासावर बरीच टीका झाली. माझ्या मते उत्पादन वाढवण्याचा निर्णय योग्य होता, निर्यातीचा गाजावाजा अनावश्यक होता. २०२४ च्या सुरुवातीला पेट्रोल-डिझेलच्या मोटारगाड्यांची आयात थांबवण्यात आली, कारण वीज देशात तयार होते आणि इंधन डॉलर देऊन आणावे लागते. हा निर्णय अनेकांना हास्यास्पद वाटला, पण नाईल नदीवरील ५,१५० मेगावॉट क्षमतेच्या महाधरणाकडे पाहिले तर तो तर्काला धरून होता. ते धरण, लक्षात घेण्याजोगी गोष्ट, परदेशी रोख्यांवर न बांधता मुख्यतः देशातल्याच पैशातून बांधले गेले. सरकारी नोकरांनीही त्याचे रोखे घेतले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले.

वसाहतींतील काही माल देशातच विकू देण्याची वाटही मोकळी झाली. कारखाने पूर्ण ओस पडले नाहीत, तरी पूर्वीची वर्दळ राहिली नाही.

कर्जाच्या बाबतीत निर्णय उशिरा झाले. २०२१ च्या सुरुवातीला इथिओपियाने जी-२० देशांच्या चौकटीखाली कर्ज-पुनर्रचनेसाठी अर्ज केला, पण युद्धामुळे बोलणी रेंगाळली. डिसेंबर २०२३ मध्ये २०१४ च्या त्याच रोख्यांवरील ३ कोटी ३० लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला. रक्कम लहान होती, आणि देश ती भरूच शकत नव्हता असेही नाही. सर्व सावकारांना समान वागणूक द्यायची असल्याने हप्ता रोखला, असे सरकारचे म्हणणे होते. तरीही थकबाकीदार हा शिक्का बसला.

चौथी वाट अखेर २९ जुलै २०२४ रोजी धरली गेली. मध्यवर्ती बँकेने बिरचा दर बाजारावर सोडला आणि त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने चार वर्षांचा ३.४ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. डॉलरला सुमारे ५७ बिर असलेला दर काही आठवड्यांतच १०० च्या पार गेला.

काय निष्पन्न झाले

महागाई भीती होती तितकी उसळली नाही. कारण साधे होते : दुकानदार आयात मालाची किंमत आधीपासूनच काळ्या बाजारातील डॉलरच्या दराने लावत होता, त्यामुळे अधिकृत दर तेथे पोहोचला तेव्हा सामान्य गिऱ्हाईकाला नवे फारसे काही भोगावे लागले नाही. पगारदारांचे नुकसान झाले, आणि सरकारला नोकरांचे पगार वाढवावे लागले. सीमेपलीकडे चोरवाटेने जाणारे सोने मध्यवर्ती बँकेकडे येऊ लागले. २०२४-२५ या वर्षात वस्तूंची निर्यात ८ अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे सरकारने जाहीर केले. त्यात मोठा वाटा सोने आणि कॉफी यांचा होता, आणि या दोन्हींचे जागतिक भाव त्या वर्षी चढे होते. मार्च २०२५ मध्ये कर्ज देणाऱ्या देशांच्या समितीशी तत्त्वतः समझोता झाला.

म्हणजे देशाला डॉलर मिळाले, पण ज्या शिवणकामासाठी एवढा खटाटोप केला होता, त्यातून नव्हे. आकडा सुधारला म्हणून प्रश्न सुटला असे मानणे धोक्याचे आहे. सोन्याची खाण ३० हजार मुलींना काम देत नाही, आणि सोन्याचा भाव उतरला की निर्यातही उतरते.

वेगळे काय करता आले असते

निर्णयाचा खरा क्षण २०२१ चा नव्हता. तेव्हा हातात फारसे काही उरले नव्हते. तो २०१६ ते २०१९ दरम्यानचा होता, वसाहत नवी होती, रोख्यांची मुदत लांब होती आणि शुल्कमाफी चालू होती तेव्हाचा.

त्या काळात विनिमय दर टप्प्याटप्प्याने खाली आणता आला असता. २०२४ मध्ये एका फटक्यात जे केले, ते तेव्हा सोसायला हलके गेले असते, आणि कारखान्यांना शुल्कमाफीखेरीज दुसरे बळ मिळाले असते. दर कमी असता तर मजुरी बिरमध्ये थोडी वाढवूनही माल डॉलरमध्ये महाग झाला नसता, आणि मुली टिकल्या असत्या. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या, पण एक वित्त खात्याकडे आणि दुसरी उद्योग खात्याकडे असल्याने त्यांचा विचार एकत्र झाला नाही.

कापडाचा प्रश्न अवघड होता. रंगकाम आणि विणकाम यांच्या गिरण्यांना भांडवल लागते, अखंड वीज लागते, आणि त्यांतून कमी रोजगार निघतो. त्यामुळे रोजगाराच्या आकड्यांवर डोळा ठेवणाऱ्या सरकारला शिलाईचे आकर्षण अधिक वाटले यात नवल नाही. तरीही, वसाहतीत येणाऱ्या कंपनीला जमीन आणि करसवलत देताना, काही वर्षांनी कापडाचा ठरावीक भाग देशातून घेण्याची अट घालता आली असती. प्रथम येणाऱ्या कंपनीने ती मानली असती का, याविषयी मला शंका आहे. मागाहून आलेल्या पाच-सहा जणांना मात्र ती घालणे शक्य होते.

कर्जाचे गणित वेगळे मांडायला हवे होते. रेल्वे आणि धरण पंचवीस-तीस वर्षांनी परतावा देतात. त्यांच्या जोडीने औद्योगिक वसाहतींना दहा वर्षांत एकरकमी फेडायच्या डॉलर रोख्यांच्या पैशावर उभे करणे म्हणजे दहा वर्षांत शिवणकामाची निर्यात कित्येक पटींनी वाढेलच असे गृहीत धरणे होते. त्या गृहीतकाची तपासणी करण्यासाठी कोणत्याही मोठ्या अभ्यासाची गरज नव्हती. शुल्कमाफीच्या कायद्याची तारीख वाचली असती तरी पुरे होते. २०१५ मध्ये अमेरिकी संसदेने तो कायदा दहा वर्षांसाठी वाढवला, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत. रोख्यांची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपत होती. टिग्रेत गोळी झाडली गेली नसती आणि इथिओपिया शेवटच्या दिवसापर्यंत यादीत राहिला असता, तरी रोखे फेडल्यानंतर हवासाच्या शर्टाला अमेरिकेचे दार उघडे राहण्याची हमी जेमतेम नऊ महिने उरत होती, आणि ३० सप्टेंबरचा तो दिवस उजाडला तेव्हा कायद्याचे नूतनीकरण झालेले नव्हते.